एकोणचाळिसावी चिठ्ठी

सोमवार, ६ जानेवारी

बाई,

पत्राच्या वरती मोठ्या माणसांना नमस्काराची चार अक्षरं लिहायची असतात. ती तुम्ही शिकवलीत त्या दिवशी मी वर्गाबाहेर उभी होते. तेव्हा नमस्कार आहे असं समजा आणि पुढे वाचा.

मी कोण ते अक्षरावरून कळलंच असेल. चौथीत एवढं घाण अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही. पत्र शिपाईकाकांकडे देते आहे, ते तुमच्या गल्लीत राहतात म्हणून. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. चिकटवलेली कड उघडी दिसली तर कळवा.

पाय कसा आहे? ती खुर्ची जुनीच होती, बाई. सगळे तेच म्हणतात.

आता मुद्दा. तुमच्या जागी गेल्या सोमवारपासून एक मॅडम आल्यात. त्या ओरडत नाहीत. आठवडा झाला, एकदाही नाही. पहिल्याच दिवशी मी मागच्या बाकावरून कोंबडा आरवून दाखवला. तुम्ही असता तर फळ्याकडून मान न वळवता खडूचा तुकडा बरोब्बर माझ्या कपाळावर आला असता. या मॅडमनी काय करावं? पहिल्या बाकावरच्या पट्टीकडे बघून म्हणाल्या, "तू किती लक्ष देऊन ऐकते आहेस, मला छान वाटलं." (पट्टी म्हणजे आपली मॉनिटर. तिला हे नाव मी ठेवलं ते तुम्हाला माहीत नसेल. सरळ असते आणि लागते.) माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोंबडा आरवला काय आणि मेला काय!

आमची आई म्हणते, माणूस फार गोड बोलायला लागलं की आधी आपला खिसा चाचपावा. तिची लाँड्री आहे. तिला माणसं कपड्यांवरून कळतात.

मॅडमनी टेबलावर एक काचेची बरणी ठेवलीय. वरून दोन बोटं सोडून लाल दोरा बांधलाय. शेजारी पत्र्याचा डबा, त्यात आम्हा एकोणचाळीस जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या. रोज सकाळी डोळे मिटून एक चिठ्ठी काढतात, स्वतःशीच वाचतात आणि डायरीत ठेवतात. कुणाची ते सांगत नाहीत. मग दिवसभर त्या मुलावर डोळा. शेवटच्या घंटेला, ते मूल चांगलं वागलेलं असेल तर नाव सांगतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि ते मूल बरणीत एक गोटी टाकतं. नसेल वागलेलं तर "आज नाही जमलं, उद्या बघू" एवढंच. नाव नाही. चिठ्ठी दोन्ही वेळा परत डब्यात. गोट्या दोऱ्यापर्यंत आल्या की आख्खा वर्ग एक दिवस मैदानात.

बाई, डाव लक्षात आला का? आज आपली चिठ्ठी निघालीय की नाही तेच माहीत नाही, म्हणून सगळेच्या सगळे हाताची घडी घालून बसतात. एका दगडात दोन पक्षी ऐकलं होतं. इथे एका चिठ्ठीत एकोणचाळीस.

आणि हे सगळं कशासाठी, तेही मी शोधून काढलंय. बुधवारी मी हेडसरांच्या खोलीबाहेर उभी होते (का ते सोडा). आत हेडसर मॅडमना म्हणाले, "एकतीस तारखेच्या तपासणीपर्यंत ही बरणी भरून दाखवा, मग बघू." काय बघू? मला चटकन कळलं. बरणी भरली की मॅडम कायमच्या झाल्या आणि तुमची जागा गेली. ही बातमी मी लगेच वर्गात सांगितली. लोकांना माहीत असायला पाहिजे.

दोऱ्यापर्यंत पंचवीस गोट्या बसतात, मी बाहेरून हिशोब लावला. सहा दिवसांत चारच पडल्यात. जे दोन दिवस जमलं नाही ते माझे असणार असा माझा अंदाज आहे. सांगायचं म्हणून सांगितलं.

तुम्ही निवांत पाय वर करून बसा. बरणी भरणार नाही. मी आहे.

तुमची वर्गाबाहेरची विद्यार्थिनी,
भिंगरी


शनिवार, ११ जानेवारी

बाई,

तुमचं उत्तर आलं नाही. शिपाईकाकांना विचारलं, "दिलंत ना पत्र?"

"दिलं."

"वाचलं त्यांनी?"

"वाचलं."

"हसल्या?"

"अगं, पाय मोडलेलं माणूस हसतं का?" असं म्हणून घंटा द्यायला निघून गेले. घंटेला अजून पाच मिनिटं होती. मला हे सगळं संशयास्पद वाटतं.

इकडे काय चाललंय ते कळत नाही. या आठवड्यात मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही. सोमवारी सगळ्यांच्या डब्यांची झाकणं अदलाबदल केली. मंगळवारी प्रार्थनेत एक ओळ पुढे म्हणत होते, अर्धी रांग माझ्यामागून गेली. बुधवारी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. गुरुवारचं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. आणि तरी रोज शेवटच्या घंटेला, टण्! गोटी. सहाच्या सहा दिवस. आता दहा झाल्या.

रोज कुणाचं ना कुणाचं नाव येतं. पट्टीचं तर दोनदा आलं. माझी चिठ्ठी एकदाही निघू नये? आणि दुसरं, मी कुणाला हसवायला गेले तर कुणी हसत नाही. शेजारी बसतो तो चष्म्या, तुम्हाला माहितीये त्याला बोट दाखवलं तरी हसू येतं. तो ओठ चावून खिडकीबाहेर बघतो. डोळ्यांत पाणी येतं पण हसत नाही. मधल्या सुट्टीत मी गेले की बोलणं थांबतं. एवढ्या चांगल्या वागणाऱ्या माणसांत माझा जीव गुदमरतो, बाई.

त्यात मॅडमनी आमच्या घरी चिठ्ठी पाठवली. मला वाटलं तक्रार, म्हणून वाटेत उघडली. तक्रार असती तर बरं, तिची विल्हेवाट मला येते. त्यात लिहिलं होतं, "आपल्या मुलीने आज पहिलीतल्या एका मुलाच्या बुटाची नाडी बांधून दिली. मला कौतुक वाटले." आता हिचं काय करायचं?

आई शर्टाची कॉलर इस्त्री करत होती. तिने चिठ्ठी वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली.

"कुणाकडून लिहून घेतलंस?"

"मॅडमनी दिली."

"कुणाच्या मॅडमनी?"

"आमच्या."

"नाडी बांधून दिलीस, की दोन्ही बुटांच्या एकमेकांत बांधल्यास?"

आईला हेर खात्यात घ्यायला पाहिजे. खरं सांगायचं तर आधी एकमेकांतच बांधल्या होत्या. तो पडला नाही, पण रडायला लागला, म्हणून सोडून नीट बांधून दिल्या. मॅडमनी नेमकं दुसरं अर्धं बघितलं. की पहिलं पण बघितलं आणि मुद्दाम दुसरंच लिहिलं? हाच माझा प्रश्न आहे. त्या बाईला काय पाहिजे आहे माझ्याकडून?

आईने चिठ्ठी बिलांच्या खणात टाकली. काल बघते तर इस्त्रीच्या टेबलावर भिंतीला चिकटवलेली. मी विचारलं तर म्हणाली, "खरी की खोटी ते नंतर बघू. गिऱ्हाइकांना कुठे माहितीये."

मी छडा लावणार आहे.

तुमची हेर,
भिंगरी


गुरुवार, १६ जानेवारी

बाई,

छडा लागला. लागला नसता तर बरं झालं असतं.

मंगळवारी शेवटची घंटा झाल्यावर मी मागच्या बाकाखाली आडवी झाले. सगळे गेले. मॅडमनी त्या दिवसाची चिठ्ठी डब्यात टाकली होती, म्हणजे आत पूर्ण एकोणचाळीस असायला पाहिजेत. डबा कपाटावर असतो. बाक ओढला, चढायच्या आधी हलवून बघितला. आता मी नेहमी हलवून बघते. डबा काढला आणि एकेक चिठ्ठी उघडून मोजली. दोनदा मोजली, गणितात माझ्यावर माझा पण विश्वास नाही.

अडतीस.

चष्म्या होता, पट्टी होती, तीन आठवडे आजारी आहे ती मुलगीसुद्धा होती. मी नव्हते.

म्हटलं, बघा! गोड बोलायचं, आईला चिठ्ठी पाठवायची आणि इकडे नावच काढून टाकायचं. म्हणजे मी स्वतःला उलटं टांगून घेतलं तरी बरणी भरणारच. मला राग आला, पण जरा बरं पण वाटलं. आपला संशय खरा निघाला की बरं वाटतंच.

बुधवारी सकाळी हजेरी झाल्या झाल्या उभी राहिले. "मॅडम, डब्यात माझी चिठ्ठी नाही."

"असं कसं होईल?"

"मोजून बघा. मी मोजल्यात."

कधी मोजल्या, का मोजल्या, काही विचारलं नाही. डबा टेबलावर पालथा केला आणि मोजायला लागल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, चोर कसा दिसतो ते बघायला. बाई, त्यांचा चेहरा उतरला. तो सोंगाचा चेहरा नव्हता. मी स्वतः सोंगं करते, मला फरक कळतो. त्यांना माहीतच नव्हतं.

मग मी मागे वळून वर्गाकडे बघितलं. सगळेच्या सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

मॅडमनी कुणाला विचारलं नाही, कुणी काढली म्हणून. चौकटीच्या वहीचं एक पान फाडलं, मला दिलं आणि म्हणाल्या, "तूच लिही तुझं नाव. ठळक." मी लिहिलं. घडी घालून टाकलं. शाई जरा फिसकटली.

मधल्या सुट्टीत मी पट्टीला नळापाशी गाठलं.

"कुणी काढली?"

"मी."

"का?"

"तू असलीस की गोटी जाते. तूच सांगितलंस ना, बरणी भरली नाही तर मॅडम जाणार? मग? सगळ्यांना विचारून काढली मी."

"सगळ्यांना?"

"मत घेतलं. हात वर करून."

"चष्म्याने पण?"

"त्याने अर्धा केला."

म्हणजे ती बातमी पेरली मी आणि उगवली माझ्यावरच. मी हसले. हसायचं सोडून काय करणार? तर पट्टी म्हणाली, "हसू नकोस. एका बाईंना घालवलंस, आता यांना पण घालव. मी बघितलं होतं त्या दिवशी. तुझ्या हातात काय होतं ते."

मी तशीच निघाले. नळ चालू राहिला होता, शिपाईकाका ओरडले.

आज जमलं नाही. चिठ्ठी कुणाची होती ते कळलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते. तेरा गोट्या.

मी तुम्हाला आणखी एक पत्र लिहिणार आहे. ते लवकर लिहायला पाहिजे, नाहीतर लिहिणार नाही.

भिंगरी


रविवार, १९ जानेवारी

बाई,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आई म्हणाली, कागद काय झाडाला लागतात का. मी म्हटलं, हो, झाडापासूनच करतात. तर उलथनं घेऊन मागे लागली. ते जाऊ दे.

खुर्ची जुनी नव्हती. म्हणजे होती, पण त्याचा काही संबंध नाही.

मी खोडरबर मधून कापला होता आणि अर्धा तुकडा खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाखाली ठेवला होता. तुम्ही बसलात की खुर्ची डुगडुगेल, तुम्ही "अगं आई!" म्हणाल, वर्ग हसेल आणि तुम्ही मला बाहेर काढाल. एवढंच होतं. रोज तुम्ही आल्या आल्या बसता. एकदाही चुकला नव्हतात. त्या दिवशी बसला नाहीत. नकाशाचा खिळा निघाला होता, तुम्ही खुर्ची ओढलीत आणि चढलात. रबर पायाला चिकटून आला. मला दिसत होतं, बाई. मी तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. कोंबड्याचा येतो, कावळ्याचा येतो, माझा आला नाही.

सगळे तुमच्याकडे धावले तेव्हा मी खुर्चीकडे धावले. तुकडा काढून मुठीत धरला. तेच पट्टीने बघितलं. हेडसर म्हणाले खुर्ची जुनी, शिपाईकाकांना बोलणी बसली की वेळेवर दुरुस्त का केली नाही. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. तेच शिपाईकाका माझं हे पत्र घेऊन तुमच्याकडे येणार आहेत.

मी त्यांच्यावर संशय घेत होते, पत्र उघडतात का म्हणून. या वेळी पाकीट मी चिकटवलेलंच नाही.

तुम्ही परत यावं म्हणून मी बरणी अडवत होते, असं मी तुम्हाला लिहिलं. ते खरं आहे. पण तुम्ही परत आलात की झालेलं झालंच नाही असं होईल, असं पण मला वाटत होतं. ते तुम्हाला लिहिलं नव्हतं.

आता तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही बघा. मी असलेल्या वर्गात कशाला यायचं म्हणा.

भिंगरी


शनिवार, १ फेब्रुवारी

बाई,

तेरा दिवस झाले. शिपाईकाका म्हणतात पत्र दिलं. मी विचारलं, तुम्ही वाचलंत का? म्हणाले, "मला वाचायला चष्मा लागतो, तो घरी असतो." पण दुसऱ्या दिवशी माझ्या बाकाचा सुटलेला खिळा ठोकून देताना म्हणाले, "आता सगळं मीच ठोकून बघतो, बरं का, पोरी." म्हणजे वाचलं. ओरडले नाहीत. मला आजकाल कुणीच ओरडत नाही, आणि याची भीती वाटते.

काल तपासणी झाली. तुम्ही उत्तर देत नाही, तरी सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

परवापर्यंत चोवीस गोट्या होत्या. एकच कमी. आणि सकाळी शाळेत येताना माझ्या डोक्यात एकच, आज मी काय करणार? बिघडवायचं म्हटलं तर एक शिट्टी पुरे. बिघडवलं तर मॅडम जातात आणि तुम्ही येता. पण तुम्हाला आता सगळं माहितीये. मग तुम्हाला आणून मी करणार काय? आणि माझी चिठ्ठी आता डब्यात होती. आजच निघाली तर?

काही ठरलं नाही, म्हणून चांगली वागले. सबंध दिवस. बाई, हे काम फार दमवणारं आहे. पट्टी हे रोज कसं करते कोण जाणे. दुपारपर्यंत माझी मान आखडली.

तपासणीचे साहेब आले, पोट पुढे, पेन खिशाला. मागच्या खुर्चीवर बसले. चष्म्याला त्या दिवशी पट्टीच्या मागच्या बाकावर बसवलं होतं, त्याला त्यांनी सातचा पाढा विचारला. तो सात सक्कं ला अडला. पट्टी पुढून कुजबुजली, "बेचाळीस." साहेब म्हणाले, "त्याला सांगू दे." तो सात आठे ला अडला. पट्टी पुन्हा, "छप्पन्न!" आणि तो तरी चुकला, तेव्हा तिने बाकामागे हात नेऊन त्याला असा चिमटा काढला की तो "आई गं" करून उठला.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं?"

पट्टी म्हणाली, "काही नाही मॅडम, त्याला पेन टोचलं."

पट्टी खोटं बोलली! मी एवढी थक्क झाले की मला त्याची मजासुद्धा घेता आली नाही. चष्म्या दंड चोळत खाली बसला. मॅडम नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

शेवटची घंटा. हेडसर दारात. साहेब म्हणाले, "हां, ती तुमची बरणी बघू." मॅडमनी डायरीतून चिठ्ठी काढली, उघडली. थांबल्या. मग घडी घातली आणि म्हणाल्या, "आज नाही जमलं. उद्या बघू."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. एकाच वेळी, जशी प्रार्थनेला मान वळते. कुणीतरी म्हणालं, "वाटलंच होतं."

पण मी चिठ्ठी बघितली होती. रेघांचा कागद. माझी चौकटींच्या कागदाची आहे, डब्यात तशी एकच. माझी नव्हती. आणि पट्टी पहिल्या बाकावर अशी बसली होती, की मागून नुसते कान दिसत होते, लालभडक.

मी उभी राहिले. "मॅडम, माझीच असणार. मी सकाळी खडू खाल्ला."

साहेब म्हणाले, "खाल्ला?"

"अर्धा. चवीला बरा नाही."

साहेब हसले. हेडसर नाही हसले. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी चिठ्ठी डब्यात टाकून झाकण दाबलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत.

हे मी का केलं ते विचारू नका. चांगलं वागायची पण साथ असावी, कांजिण्यांसारखी.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता कौतुक. मी आधीच सांगितलं, "मॅडम, घरी चिठ्ठी नको. आधीची भिंतीवर आहे."

"नाही देणार. आणि याची गोटी पण मिळणार नाही."

"माहितीये."

"मग का केलंस?"

"आता बरणी भरली नाही. म्हणजे तुम्ही जाणार ना?"

"हे कुणी सांगितलं तुला?"

मी हेडसरांचं ते बोलणं सांगितलं. त्या हसल्या. बाई, हेडसर बघणार होते ते काय, तर बाकीच्या वर्गांना पण बरण्या द्यायच्या का! मॅडमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, तुमचा पाय बरा होईपर्यंतच. बरणी भरो, नाहीतर फुटो.

"म्हणजे तुम्ही महिनाभर..." म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. "आणि तिने तुझी चिठ्ठी त्यासाठी काढली?"

कोणी काढली ते मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांना सगळं माहीत असतं आणि त्या विचारत नाहीत. संशय घ्यावा अशी बाई आहे, मी पहिल्यापासून म्हणत होते. फक्त कसला घ्यावा ते मला अजून कळलेलं नाही.

त्या शुक्रवारी जाणार आहेत. मला वाईट वाटतंय. हे तुम्हाला लिहिणं बरं नाही, पण आता तुमच्यापासून लपवायला काही उरलेलं नाही, तर हे तरी कशाला.

भिंगरी


शनिवार, ८ फेब्रुवारी

बाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. शिपाईकाकांनी आज सकाळी टोपीतून काढून दिली.

"काय म्हणाल्या देताना?"

"हे दे म्हणाल्या."

"चेहरा कसा होता?"

"प्लास्टर काढलेला."

"चेहऱ्याचं?"

"तू वाच की गं आता!"

वाचली. चार वाक्यं आहेत, मला पाठ झाली. "पत्रं सगळी मिळाली. अक्षर सुधारलेलं नाही. सोमवारी येते आहे. पहिल्या बाकावर बस."

त्या रबराबद्दल एक अक्षर नाही. रागावल्या असाल तर तसं लिहायचं होतं. माफ केलं असेल तर तसं. पहिल्या बाकावर म्हणजे काय, बाई? पहिल्या बाकावर तुम्ही हुशार मुलांना बसवता. आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला पण तिथेच बसवता. यातली मी कोण? आईला विचारलं. ती पॅन्टची घडी घालत होती. म्हणाली, "तू काय केलंयस त्यावर आहे." मग मी तिला काय केलं ते सांगितलं. सगळं. तिने इस्त्री बाजूला उभी केली आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सोमवारी मी येते तुझ्याबरोबर." मी म्हटलं, नको, मी जाते. तर म्हणाली, "मग गेटपर्यंत."

काल मॅडम गेल्या. बरणी इथेच ठेवून गेल्या, डबा पण. पट्टी रडली. मी नाही रडले, माझ्या डोळ्यात खडू गेला होता.

आज शाळा सुटल्यावर मी दप्तर उचलून पहिल्या बाकापाशी गेले. पट्टी वह्या भरत होती.

"हा माझा बाक आहे."

"बाईंनी सांगितलंय, इथे बस म्हणून. सोमवारपासून."

"बाईंनी? तुला? कशाला?"

"माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तपासणीपासून ती माझ्याशी बोललेली नव्हती, आणि त्या चिमट्याबद्दल मीही काही काढलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, "मी बघितलेलं मी कुणाला सांगितलं नाही हं. शप्पथ."

"मी सांगितलं."

"कुणाला?"

"बाईंनाच."

"वेडी आहेस का तू?"

"असेन."

"आता त्या काय करतील?"

"तेच तर कळत नाही."

"घाबरलीस?"

मी हो म्हटलं. मी तिला कधीच कशाला हो म्हटलेलं नव्हतं. मग तिने आपलं दप्तर उचललं, बाकाच्या टोकाला सरकवलं, टेबलाच्या बाजूला, तुम्ही येऊन उभ्या राहता तिथे.

म्हणाली, "तू भिंतीकडे बस. कडेला मी बसते."

भिंगरी